तहान लागायच्या आधी विहीर खणून ठेवणारा गडी: रोआल्ड अमुंडसेन

समजा, तुम्ही बर्फाच्या एका सपाट मैदानात उभे आहात. चारी बाजूंना नुसतं पांढरं. तापमान उणे ३० च्या खाली. जीपीएस नाही, मोबाईल नाही, विचारायला रस्त्यात माणूस नाही. गाडीवर थोड्याच दिवसांचं खाणं शिल्लक आहे आणि पुढचं खाणं दूर कुठेतरी बर्फाच्या एका ढिगाऱ्यात पुरून ठेवलंय. वरून धुकं उतरलंय. त्या ढिगाऱ्याच्या दोनशे मीटर बाजूने जरी गेलात, तरी तो दिसणार नाही. चुकलात तर संपलात.

आता काय कराल? डावीकडे जाल की उजवीकडे?

१९११ साली एका माणसाला या प्रश्नाचं उत्तर तिथे उभं राहून शोधावंच लागणार नव्हतं. कारण ते उत्तर त्याने काही महिने आधीच, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना, त्या बर्फात रोवून ठेवलं होतं.

माणसाचं नाव रोआल्ड अमुंडसेन. देश नॉर्वे. दक्षिण ध्रुवावर पोहोचलेला पहिला माणूस.

शाळेत आपण हे नाव एका वाक्यात पाठ केलेलं असतं. पण तो पहिला कसा आला, ही गोष्ट नावापेक्षा जास्त कामाची आहे. कारण हा गडी काही जगावेगळा धाडसी नव्हता. धाडसी लोक त्या काळात खूप होते आणि त्यातले बरेच मेले. अमुंडसेनची खासियत होती ती निर्णय घ्यायची वेळ निवडण्यात.

पण ही अक्कल त्याला उपजत नव्हती. ती ठेच लागून आली.

अमुंडसेनचा जन्म १६ जुलै १८७२ चा, नॉर्वेमधल्या बोर्ग गावचा. घरचे लोक जहाजांच्या धंद्यातले. आईची इच्छा होती की पोरगं डॉक्टर व्हावं. आपल्याकडच्या घरात असतं तसंच. पण पोराच्या डोक्यात जॉन फ्रँकलिन बसला होता. हा इंग्रज अधिकारी १८४५ मध्ये दोन जहाजं आणि मोठा लवाजमा घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातून वाट शोधायला गेला आणि त्याच्यासकट सगळीच्या सगळी १२९ माणसं मेली. हे वाचून साधं पोरगं घाबरलं असतं. अमुंडसेन मात्र थंडीची सवय व्हावी म्हणून ऐन हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून झोपायला लागला.

आईच्या शब्दाखातर त्याने डॉक्टरकीला प्रवेश घेतला. १८९३ मध्ये आई वारली आणि त्याने कॉलेज सोडलं.

१८९६ च्या हिवाळ्यात तो भावाला घेऊन नॉर्वेतलंच हार्डांगरविड्डा नावाचं पठार स्कीवरून ओलांडायला निघाला. दोघं तरुण, अंगात रग. थोडक्यात आटपेल असं वाटलं म्हणून खाणंही थोडंच घेतलं. वादळ आलं, वाट चुकली. एका रात्री खाण्याच्या पिशव्या बर्फात कुठे गडप झाल्या ते कळलंच नाही. आणखी एका रात्री अमुंडसेन वाऱ्यापासून वाचायला बर्फात खड्डा करून त्यात शिरून झोपला. रात्रीत वरून ओला बर्फ पडला आणि गोठला. सकाळी जाग आली तेव्हा तो जिवंतपणी गाडला गेला होता. हात हलत नव्हता. भावाने उकरून काढलं म्हणून वाचला.

घराजवळच्या पठारावर ही गत. ध्रुवावर काय झालं असतं?

पुढच्याच वर्षी दुसरा धडा मिळाला. १८९७ मध्ये अमुंडसेन बेल्जिका या बेल्जियमच्या जहाजावर अधिकारी म्हणून अंटार्क्टिकाला गेला. १८९८ च्या मार्चमध्ये जहाज बर्फात अडकलं आणि वर्षभर अडकून राहिलं. सगळ्यांना पुरतील एवढे गरम कपडे नव्हते. दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ सूर्य उगवला नाही. लोकांना स्कर्व्ही झाला. काहींच्या डोक्यावर परिणाम झाला. जहाजाच्या प्रमुखाला सीलचं मांस आवडत नव्हतं, त्यामुळे ताजं मांस बाजूलाच पडलं होतं आणि डब्यातलं खाऊन माणसं झिजत होती.

शेवटी प्रमुख स्वतःच आडवा झाला. तेव्हा जहाजावरचे अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक आणि अमुंडसेन यांनी सूत्रं हातात घेतली. सील आणि पेंग्विनचं ताजं मांस सगळ्यांच्या पोटात जाईल हे बघितलं. माणसं उठून बसायला लागली.

इथे अमुंडसेनच्या लक्षात एक गोष्ट आली. हे मांस पहिल्या दिवसापासून जहाजाभोवती फिरत होतं. उपाय समोर होता. पण भीती, अंधार आणि भूक यांनी घेरल्यावर शहाण्या माणसालाही समोरचा उपाय दिसेनासा होतो. म्हणजे संकटात डोकं नीट चालेल, या भरवशावर राहायचंच नाही.

जे येतं त्यांच्याकडून शिकायचं

१९०३ मध्ये तो ज्या वाटेवर फ्रँकलिन मेला, त्याच वाटेवर निघाला. पण १२९ नाही, स्वतः धरून फक्त ७ माणसं. जहाज योआ, जेमतेम ४७ टनांचं. देणेकऱ्यांनी तगादा लावला होता, म्हणून हे लोक मध्यरात्री गुपचूप निघाले.

वाटेत एका बंदरात ते जवळपास दोन वर्षं राहिले. तिथे नेटसिलिक इनुइट लोकांशी त्यांची गाठ पडली. युरोपातले बहुतेक दर्यावर्दी या लोकांना अडाणी समजायचे. अमुंडसेनने त्यांना गुरू केलं. कुत्र्यांची गाडी कशी हाकायची, बर्फाचं घर कसं बांधायचं, हे शिकला. कपड्यांचं तर अख्खं शास्त्र शिकला. रेनडियरच्या कातड्याचे सैल कपडे घालायचे, म्हणजे हवा खेळती राहते आणि घाम अंगावर थिजत नाही. त्या थंडीत घामाने भिजलेला माणूस म्हणजे अर्धा मेलेला माणूस.

१९०६ मध्ये योआ अलास्काला पोहोचली आणि अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारी ती उत्तरेकडची वाट अमुंडसेनने पहिल्यांदा जहाजातून पार केली.

पुढचं लक्ष्य होतं उत्तर ध्रुव. त्यासाठी फ्राम हे जहाज मिळालं, पैसे जमले. आणि १९०९ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली की कुक आणि पियरी हे दोघं अमेरिकन तिथे जाऊन आल्याचा दावा करतायत. अमुंडसेनने मनातल्या मनात नकाशा उलटा केला. आता दक्षिण ध्रुव. पण कुणाला सांगितलं नाही. पैसे देणाऱ्यांना नाही, खलाशांनाही नाही. १९१० च्या सप्टेंबरमध्ये मदिरा बेटावर पोहोचल्यावर त्याने खलाशांना खरं सांगितलं, ज्याला परत जायचंय त्याला मोकळीक दिली. कुणीच गेलं नाही. इंग्लंडचा रॉबर्ट स्कॉट आधीच दक्षिण ध्रुवाकडे निघाला होता, त्यालाही तारेने कळवलं गेलं. यावरून त्याच्यावर झालेली टीका आजपर्यंत थांबलेली नाही, आणि ती चुकीची आहे असंही म्हणता येत नाही.

आता त्या ढिगाऱ्याकडे येऊ

१९११ च्या जानेवारीत अमुंडसेन अंटार्क्टिकाच्या व्हेल्सच्या उपसागरात उतरला. राहायचं लाकडी घर त्याने आधी नॉर्वेत स्वतःच्या घराच्या आवारात उभारून बघितलं होतं, मग सुटं करून जहाजावर चढवलं होतं. अंटार्क्टिकात गेल्यावर एखादी फळी कमी पडली तर आणायची कुठून?

ध्रुवावर जायचं ते पुढच्या उन्हाळ्यात. त्याआधी हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी वाटेत खाण्याचे डेपो लावले. डेपो म्हणजे बर्फात पुरलेला शिधा. ८० अंश, ८१ अंश आणि ८२ अंश दक्षिण अक्षांशावर मिळून तीन टनांहून जास्त माल.

आता डेपोला खूण काय करायची? सरळ विचार केला तर डेपोवर एक झेंडा लावायचा. तेवढं बास. पण यात एक गृहीत धरलेलं आहे. ते म्हणजे परतताना आपण अगदी बरोब्बर वाटेवर असू.

अमुंडसेनने उलटं गृहीत धरलं. परत येताना आपण थकलेले असू, धुकं असेल आणि आपण वाट चुकलेलेच असू. म्हणून त्याने ८० अंशाच्या डेपोच्या पूर्वेला १० आणि पश्चिमेला १० झेंडे आडव्या रांगेत लावले. दोन झेंड्यांमध्ये साधारण ९०० मीटर. म्हणजे वाटेला आडवी अशी १८ किलोमीटरची रांग. प्रत्येक झेंड्यावर नंबर. माणूस कितीही भरकटला तरी कुठल्या ना कुठल्या झेंड्यापाशी येणार, नंबर बघणार आणि डेपो कुठल्या हाताला, किती लांब, हे त्याला कळणार. विचार करायची गरजच नाही. पहिल्याच फेरीत वाटेवरच्या खुणांना झेंडे कमी पडले, तर पठ्ठ्यांनी सुके मासे बर्फात उभे रोवले.

पुढे ध्रुवाच्या वाटेवर त्यांनी माणसाएवढ्या उंचीचे सुमारे १५० बर्फाचे बुरूज बांधले. प्रत्येकात एक चिठ्ठी. हा बुरूज कुठे आहे आणि आधीचा बुरूज कुठल्या दिशेला, किती अंतरावर आहे, ते त्यात लिहिलेलं.

मग हिवाळ्याचे अंधारे महिने घरात बसून काय केलं? तर डोकं लावून सामान सुधारलं. बर्फाखाली भुयारं खोदून त्यात कारखानाच थाटला. बूट पुन्हा पुन्हा उसवून शिवले. सुतारकाम जाणणाऱ्या ब्यालांडने गाड्या तासून तासून त्यांचं वजन एक तृतीयांशापेक्षाही खाली आणलं. गाडीवरच्या पेट्यांना वरून दुधाच्या किटलीसारखं गोल झाकण बसवलं. कशासाठी? तर रोज संध्याकाळी गोठलेल्या बोटांनी दोऱ्या सोडायला आणि सकाळी परत बांधायला लागू नयेत. नुसतं झाकण उघडायचं आणि हात घालून काढायचं.

रोज किती चालायचं, हेही ठरलेलं. साधारण २८ किलोमीटर. हवा चांगली आहे म्हणून ऊर फुटेस्तोवर पळायचं नाही. बाकी वेळ माणसांनी आणि कुत्र्यांनी झोपायचं.

एक हिशोब मात्र ऐकायला कठीण आहे. कुठल्या टप्प्यावर किती कुत्री मारायची आणि त्यांचं मांस बाकी कुत्र्यांना आणि माणसांना द्यायचं, हेही निघण्याआधीच ठरलेलं होतं. डोंगर चढून वर पठारावर पोहोचल्यावर २४ कुत्री मारण्यात आली. त्या वेळी अमुंडसेन तंबूत बसून स्टोव्हला नेहमीपेक्षा जोरात पंप मारत होता, म्हणजे बाहेरचे गोळ्यांचे आवाज कानावर येऊ नयेत. आज हे वाचताना पोटात तुटतं आणि तुटायलाच पाहिजे. आधी ठरवून ठेवलेला निर्णय दयाळू असतोच असं नाही.

सगळं ठरवलेला माणूस घसरतो तेव्हा

एवढं सगळं नियोजन करणारा माणूस कधी चुकलाच नसेल असं वाटतं ना? तो चुकला, आणि वाईट चुकला.

स्कॉटकडे मोटारच्या गाड्या होत्या. तो आपल्या आधी पोहोचेल या धास्तीने अमुंडसेनला झोप लागेना. ८ सप्टेंबर १९११ ला, म्हणजे थंडी सरायच्या आधीच, त्याने आठ जणांना बाहेर काढलं. अनुभवी यालमार योहानसेन सांगत होता की ही घाई आहे. ऐकलं नाही. तापमान उणे ५६ पर्यंत उतरलं. होकायंत्रातलं द्रव गोठलं, कुत्र्यांचे पाय फुटले, माणसांच्या टाचा थंडीने मेल्या. ८० अंशाच्या डेपोवर माल टाकून सगळे माघारी फिरले.

आणि परतताना तर शिस्तच मोडली. अमुंडसेन वेगवान गाडी पकडून पुढे निघून गेला. माणसं वाटेत विखुरली. सर्वात मागे राहिलेल्या प्रेस्ट्रुडला योहानसेनने सांभाळून मध्यरात्रीनंतर घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी योहानसेनने सगळ्यांसमोर नेत्याला सुनावलं. बरोबरच सुनावलं. पण अमुंडसेनने त्यालाच ध्रुवाच्या तुकडीतून काढून टाकलं. १९१३ च्या जानेवारीत योहानसेनने आत्महत्या केली. हा डाग अमुंडसेनच्या नावावर कायमचा आहे.

यातून दिसतं काय? स्पर्धेच्या भीतीपुढे त्याचं स्वतःचं डोकंही टिकलं नाही. मग वाचवलं कशाने? तर आधीच भरून ठेवलेल्या त्या डेपोंनी आणि वेळेत माघार घेण्याने.

१९ ऑक्टोबरला तो पुन्हा निघाला. या वेळी पाच माणसं, चार गाड्या, ५२ कुत्री. गंमत बघा, बेत आठ जणांचा होता आणि जाणारे झाले पाच. म्हणजे वाटेतला शिधा आपोआप जास्त झाला. पुढचा डोंगर कुणी चढलेला नव्हता, नकाशा नव्हता, तिथे नियोजन संपत होतं. पण पोटाची आणि परतीच्या वाटेची काळजी मिटलेली असल्यामुळे सगळं डोकं त्या एका डोंगराला देता आलं.

१४ डिसेंबर १९११ ला पाचही जण दक्षिण ध्रुवावर पोहोचले. पाचांनी मिळून झेंडा रोवला. आपलं मोजमाप थोडं चुकलेलं असू शकतं हे धरून तिघांना तीन दिशांना पाठवलं आणि ध्रुवाला घेराच घातला. २५ जानेवारी १९१२ ला, ९९ दिवसांनी, पाचही जण धडधाकट घरी परतले. सोबत ११ कुत्री आणि उरलेलं खाणं.

आणि स्कॉट?

स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला ध्रुवावर पोहोचला, तेव्हा तिथे नॉर्वेचा झेंडा होता. परतताना पाचही जण मेले.

स्कॉट मूर्ख नव्हता, भित्रा तर अजिबात नव्हता. त्याच्या वाट्याला हवामानही फार वाईट आलं. त्याची माणसं विज्ञानाचं काम करत होती आणि मरेपर्यंत त्यांनी सोबतचे दगडांचे नमुने टाकले नाहीत. पण दोन निर्णय बघा.

पहिला निर्णय १९११ च्या फेब्रुवारीतला. मोठा डेपो ८० अंशावर लावायचा बेत होता. पण तट्टू थकले, त्यांचे हाल स्कॉटला बघवेनात. तट्टू मरतील तर मरू देत, पण पुढे जाऊ, असं सोबतच्या ओट्सचं मत होतं. स्कॉटने दयेपोटी डेपो ठरल्या जागेच्या ५५ किलोमीटरहून जास्त अलीकडेच लावला. दुसरा निर्णय १९१२ च्या जानेवारीतला. शिधा, तंबू सगळं चार माणसांच्या हिशोबाने बांधलेलं असताना त्याने ऐनवेळी पाचवा माणूस सोबत घेतला. त्या पाचव्याकडे स्कीसुद्धा नव्हत्या.

मार्चच्या अखेरीस स्कॉट आणि शेवटचे दोन साथीदार तंबूत मेले. डेपो तिथून २० किलोमीटरच्या आसपास राहिला होता. तो ठरल्या जागी असता, तर ते त्याला ओलांडून पुढे आले असते.

हे दोन्ही निर्णय चांगल्या मनाने घेतलेले होते. एकात दया होती, दुसऱ्यात सोबत्याबद्दलचा विश्वास. फक्त ते थकव्यात, ऐन वाटेवर घेतले गेले.

शेवट मात्र वेगळा झाला

अमुंडसेन नंतरही थांबला नाही. १९२५ मध्ये विमानातून उत्तरेला गेला आणि सहा जण बर्फावर अडकले. तेव्हाही त्याने लगेच कामाच्या, जेवणाच्या, झोपेच्या वेळा लावून दिल्या आणि रेशन मोजून द्यायला सुरुवात केली. बर्फावर धावपट्टी करून तीन आठवड्यांनी सहाही जण एकाच विमानातून परतले. १९२६ मध्ये तो नोर्गे या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेला. ते जहाज बनवणारा आणि चालवणारा होता इटलीचा उंबेर्तो नोबिले. नंतर श्रेय कुणाचं यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अमुंडसेन तोवर कर्जात बुडून दिवाळखोर झालेला, लोकांवर चिडलेला.

१९२८ च्या मे महिन्यात नोबिलेचं इटालिया हे हवाई जहाज उत्तरेच्या बर्फावर कोसळलं. बातमी आली तेव्हा अमुंडसेन ओस्लोत एका मेजवानीत होता. जुन्या वैऱ्याला वाचवायला जायची तयारी त्याने तिथल्या तिथे दाखवली. सरकारी शोधमोहिमेत जागा मिळाली नाही, तर त्याने दुसरीकडून विमान मिळवलं. फ्रान्सने दिलेलं ते विमान पाण्यावर उतरणारं होतं, बर्फावर उतरायला ते बनलेलंच नव्हतं. १८ जून १९२८ ला ट्रॉम्सोहून सहा जणांना घेऊन ते उडालं. काही तासांनी संपर्क तुटला. ऑगस्टच्या अखेरीस विमानाचा एक तरंगता भाग समुद्रात मिळाला. अमुंडसेन कधीच मिळाला नाही. ५५ वर्षांचा होता. नोबिले त्याच आठवड्यात दुसऱ्या विमानाने वाचवला गेला.

सुटे बूट पुन्हा पुन्हा शिवणारा माणूस शेवटच्या प्रवासाला मात्र मिळेल त्या विमानात बसून गेला. भांडण विसरून गेला, हे त्याचं मोठेपण. पण त्या वेळी त्याच्यासाठी वाटेवर झेंडे लावलेले नव्हते.

आपल्यातल्या कुणाला ध्रुवावर जायचं नाहीये. पण रात्री दोन वाजता घरच्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं की गाडी कुणाची, हॉस्पिटल कुठलं, विम्याची कागदपत्रं कुठल्या कपाटात, या प्रश्नांवर घरोघरी गोंधळ होतो. त्या वेळी घरातला सगळ्यात हुशार माणूसही हुशार राहत नाही. म्हणून ही उत्तरं एखाद्या निवांत रविवारी, चहा पिता पिता एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि लिहिताना आपण त्या रात्री घाबरलेले असू, हे धरून लिहा.